डाव्या कुशीची पाणीपाळी

चिंचवड,
बुधवार, ता. १२ मार्च १९५८

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा ज्योतीराम याचा दोन्ही हात जोडून आणि (टेबलाखाली) पायही जुळवून नमस्कार.

आबा खुशाल आहेत. ही ओळ सर्वांत आधी लिहिली, कारण आमच्या शुश्रूषागृहात आता तसा नियमच झाला आहे. पत्र उघडणाऱ्याचा जीव पहिल्या ओळीतच भांड्यात पडला पाहिजे, मग पुढे काय वाटेल ते लिहा. तर तो पडला असे समजून पुढे जातो. आपली प्रकृती कशी आहे? अक्काचा गुडघा, म्हशीची कास, धाकटीचे टोचल्यावर पिकलेले कान आणि चांद्याचा मागचा उजवा खूर, या सर्वांची खुशाली वेगवेगळी कळवावी. मागे आपण 'सर्व ठीक' असे एका दमात लिहिलेत, तेव्हा त्या 'सर्व'मध्ये खूर आला की नाही यावर आमच्याकडे चार दिवस खल चालला होता.

नेहमीसारखे कार्ड न येता पाकीट आले, याचे आपल्याला नवल वाटेल आणि टपालवाल्या बबनरावांना वाईट वाटेल. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि राग मानू नका म्हणावे. माझी कार्डे ते महाळुंग्याच्या चावडीवर उभे राहून खड्या आवाजात वाचतात हे मला ठाऊक आहे. (अक्का म्हणते, 'रुग्णास झोप लागली' या वाक्याला ते असा आवाज लावतात की ऐकणाऱ्यालाच जांभई येते.) पण आजचा मजकूर चावडीचा नाही. तो फक्त आपल्यासाठी आणि फार तर चांद्यासाठी आहे.

पत्रास कारण कांदे. आमच्या मुख्य परिचारिका कौशल्याबाई यांना आपल्या मळ्यातला कांदा हवा आहे, साधारण पोतेभर. बाकी काही नाही. आबा आणि आपण, तुम्हा बापलेकांच्या अबोल्यात मी पडणार नाही, असे मी अक्काच्या लग्नात वाढलेल्या बुंदीची शपथ घेऊन ठरवले आहे. पण कौशल्याबाईंना आपल्या कांद्याची इतकी बारीक माहिती कशी, हा प्रश्न आपल्याला पडेल, आणि तो पडला की सगळे सुरुवातीपासून सांगणे आले. सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय माझी लेखणी चालत नाही. शाळेत 'गाय' या विषयावर निबंध लिहिताना मी पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली होती आणि गाय यायच्या आत घंटा झाली होती.

आपण पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरीचा अर्ज टाकला, तो आबांना बाहेरून कळला, आणि मार्गशीर्षात घरात अबोला सुरू झाला. अबोला कोणाच्या घरी नसतो? आमच्या आईने वडिलांशी एक अख्खा श्रावण उंबऱ्यामार्फत बोलून काढला होता. आपल्याकडे ते काम चांद्या बैलाकडे आले. बिचाऱ्याने शेपूट हलवण्यापलीकडे कधी तक्रार केली नाही. त्यात आबा कडब्याच्या गंजीवर चढले. ते म्हणतात, पेंढ्या बघायला. अक्का म्हणते, तुम्ही पिंपरीहून परत येताना दिसता का ते बघायला. कशालाही असो, ते खाली आले ते मांडीचे हाड मोडूनच. अशा वेळी माणूस आईला हाक मारतो, देवाला मारतो. आबांनी आडवे पडल्यापडल्या हाक मारली ती गोठ्याकडे तोंड करून: "चांद्या, सांग तुज्या धन्याला, उचलायचं आसंल तर उचल म्हनावं!" आणि दाजी, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण तुम्हीही त्यांना पाठीवर घेता घेता बैलाकडेच बघून, "चांद्या, म्हातारबाला सांग, हात मानंत घाल," असे म्हणालात. अक्का हे सांगताना एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्याने हसत होती.

पुढे पुण्याच्या इस्पितळात पायाला वजन बांधून महिनाभर निजवले, आणि हाड धरू लागल्यावर मी त्यांना आमच्या शुश्रूषागृहात आणले, त्याला उद्या दोन महिने होतील. मी इथे कारकून. माझ्या टेबलावरच्या भिंतीला चौकटीत घातलेला नियम टांगलेला आहे: 'रुग्णाच्या प्रकृतीत कोणताही बदल आढळल्यास चोवीस तासांच्या आत नातेवाइकास लेखी कळवावे.' नियम डॉक्टरसाहेबांचा, अक्षर माझे. मी वहीत लिहिले, रुग्ण मारुतराव, वय चौऱ्याहत्तर, नातेवाईक मुलगा उद्धवराव, मुक्काम महाळुंगे, आणि पहिलाच बदल इमानाने कार्डावर कळवला: 'रुग्णास तीन दिवस शौचास झाले नव्हते, आज सकाळी साफ झाले.'

आता मला सांगा, यात माझे काय चुकले? बबनरावांनी ते चावडीवर वाचले. गावाला हायसे वाटले. आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी कारखान्याच्या बांधकामाला खडी नेणाऱ्या ट्रकमधून सतरा माणसे आबांचे अभिनंदन करायला आमच्या फाटकात उतरली. आजाऱ्याला भेटायला जायचे नाही तर माणुसकी कशाला म्हणायची, हे मलाही पटते. पण आमची खोली चार खाटांची, आणि प्रत्येकाने काहीतरी आणलेले. एरंडेल तीन बाटल्या, गुळवेलीचा भारा, देवीचा अंगारा, शेंगदाण्याची पोळी आणि दत्तोबा भगताने आणलेला एक जिवंत कोंबडा. (तो कोंबडा मी आवक वहीत चढवला. आवक म्हटली की नोंद आली, मग ती आरवो की न आरवो.) कोंबडा खाटेच्या दांडीवर बसला आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा आठवड्यानंतर पहिल्यांदा उठून बसले. कौशल्याबाईंनी मात्र सतराही लोकांना रांगेत उभे करून हात धुवायला लावले. त्यातले तिघे हात धुतल्यावर सवयीने पंगतीच्या पाटांची वाट बघत भिंतीला टेकून बसले.

सतरा आले, पण त्यांत आपण नव्हता. मी समजू शकतो, पाणीपाळीचे दिवस होते. आबांनी कोणालाच काही विचारले नाही. ट्रक गेल्यावर अंगारा बोटाने पुसत मला एवढेच म्हणाले, "चांद्या आला न्हाई व्हय?" मी म्हटले, आबा, बैल ट्रकमध्ये कसा येईल? त्यावर ते भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाताने खूण करून बोलावले. ही कार्डं कोणाच्या नावानं जातात? मी म्हटले, दाजींच्या. वाचतो का त्यो? मी म्हटले, आधी गाव वाचते, मग दाजी वाचतात. आबांनी दुपारभर विचार केला आणि चहाच्या वेळी त्यांच्या प्रकृतीत बदल झाला. डाव्या कुशीत कळ. मी धावत वही आणली. आबा म्हणाले, लिही, कळ कशानं आली तेबी लिही, पूर्वेच्या पट्ट्यातला कांदा सुकतोय ह्या घोरानं. कळीचे कारण लिहू नये असे नियमात कुठेही नाही. मी लिहिले आणि उत्तरासाठी जोडकार्ड टाकले. चौथ्या दिवशी आपले उत्तर आले, ते मला तोंडपाठ आहे: 'व्यवस्थापक यांस, रुग्णाच्या डाव्या कुशीला मंगळवारी पाणी दिले आहे. उजव्या कुशीचे काय ते कळवावे.'

दाजी, मी हसत नव्हतो. मी फक्त खुर्चीवरून खाली बसलो होतो. दोन महिने एकमेकांशी शब्दही न बोलणारे दोन मर्द गडी माझ्या कार्डांवर शेती करू लागले! आबांचे डोके जड झाले की समजावे, म्हशीच्या पेंडीचा प्रश्न आहे. उजवा गुडघा ठणकला तर विहिरीवरच्या मोटेचा नाडा. दाताखाली काही सलू लागले तर बांधावरचा शेजारी सरकतोय. आपणही काही कमी नाही. 'रुग्णाचा गुडघा बदलून नवा घातला आहे' हे आपले वाक्य बबनरावांनी वाचले असते तर चावडीवर शस्त्रक्रियेची वार्ता पसरली असती, पण देवाची कृपा की येणारी कार्डे इथला टपालवाला वाचतो आणि तो अबोल आहे. आबांना वाचता येत नाही. मी उत्तर वाचून दाखवायचो, ते मुद्दाम छताकडे बघायचे, आणि शेवटी "आस्सं" म्हणून एक भाकरी जास्त खायचे. मीही त्या दिवसांत फार सुखात होतो. कारकुनाच्या जन्माला येऊन इतक्या उपयोगाची पत्रे कोणी लिहिली असतील असे मला वाटत नाही.

पण आमचे डॉक्टरसाहेब विलायती पुस्तके वाचणारे. त्यांनी एके दिवशी जावक वही चाळली आणि त्यांच्या लक्षात आले की या रुग्णाची डावी कूस बरोबर दर आठव्या दिवशी दुखते. ना एक दिवस आधी, ना एक दिवस नंतर. ताप नाही, सूज नाही, पण कळ येते ती पंचांग बघितल्यासारखी. त्यांनी चौकोनी रेघांचा कागद काढून लाल पेन्सिलीने कळांचा आलेख काढला. तो इतका देखणा झाला की त्यांनी पुण्याहून आपल्या गुरुजींना, एका मोठ्या डॉक्टरांना, मोटारीने बोलावून घेतले. दोघांनी आबांना पालथे केले, उताणे केले, ठोकले, कान लावला. आबा गरीब चेहरा करून 'हं, तितंच' म्हणत होते. मोठे डॉक्टर म्हणाले, असा आठ दिवसांच्या फेऱ्याचा विकार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, त्यावर लेख लिहायला हवा. मी दाराआड उभा होतो. माझ्याही कुशीत कळ येऊ लागली होती.

तेवढ्यात कौशल्याबाई गरम पाण्याचे भांडे घेऊन आत आल्या. बाई साताऱ्याकडच्या, बागाईतदाराच्या लेक. त्यांनी आलेखाकडे एकदाच पाहिले आणि भांडे खाली ठेवत म्हणाल्या, "साहेब, ही कांद्याची पाणीपाळी आहे."

पुढचा अर्धा तास मी लिहीत नाही. जावक वही मोठ्याने वाचली गेली, त्यात बबनरावांसारखा आवाज कोणी लावला नाही, तरी परिणाम झाला. मोठे डॉक्टर मात्र मनमोकळे निघाले. ते इतके हसले की त्यांनाच पाणी द्यावे लागले, आणि जाताना बांधावरच्या शेजाऱ्याचे काय झाले ते मला कोपऱ्यात घेऊन विचारून गेले. आमचे साहेब हसले नाहीत. त्यांचा आलेख गेला होता. त्यांनी मला ताकीद दिली की पुन्हा कार्डात शेत दिसले तर माझीच रवानगी शेतावर होईल. तेव्हापासून कार्डावर पाचच गोष्टी जातात, ताप, नाडी, जेवण, झोप, शौच, आणि खाली कौशल्याबाईंची सही.

गेल्या पंधरवड्यात आपल्याला आलेली कोरडी कार्डे ती हीच. आपण उत्तर दिलेत, 'कार्ड पोचले.' मी ते आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "येवडंच?" मी म्हटले, एवढंच. त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतले, उलटे करून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "ह्या बाजूला बघ की." त्या बाजूला फक्त आमचा पत्ता होता. मी तो पत्ता वाचून दाखवला, दाजी. दुसरे काय करणार? त्या दिवशी आबांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीही ठेवली. मी जेवणाच्या रकान्यात 'अर्धी भाकरी' असे लिहिले. आपल्याला वाटले असेल, म्हाताऱ्याची भूक मंदावली. पण डाव्या कुशीच्या सगळ्या कळा खोट्या होत्या आणि ही अर्धी भाकरी तेवढी खरी होती, आणि तिच्यावर मला कारण लिहायची बंदी होती. म्हणून हे पाकीट, बाईंच्या सहीविना.

आता गोड शेवट करतो. आबांच्या खाटेजवळची खिडकी रस्त्यावर उघडते. पाच वाजता कारखान्याचा भोंगा होतो आणि थोड्या वेळाने कामगार सायकलींवरून घरी जाताना दिसतात, कोणी दापोडीकडे, कोणी इकडे चिंचवडात. हातपाय धुतलेले, डबा मागे बांधलेला, गप्पा मारत. आबा आधी भोंगा झाला की कान झाकून घ्यायचे. मग नुसते डोळे मिटू लागले. सोमवारी भोंगा झाला, ते उठले, काठी घेतली आणि कोणाचा हात न धरता खिडकीपर्यंत चालत गेले. नऊ पावले! कौशल्याबाईंनी मोजली, मी मोजली, शेजारच्या आजोबांनी तर मोठ्याने मोजली. आबांचे आमच्याकडे लक्षही नव्हते. शेवटची सायकल जाईपर्यंत ते गजाला धरून उभे राहिले आणि मग विचारले, ही माणसं सकाळी कितीला जात्यात? मी म्हटले, आठला. त्या दिवशी भाकरी सगळी संपली. आपल्याला कारखान्याचे बोलावणे आले आहे आणि एक एप्रिलला हजर व्हायचे आहे, हे अक्काने मला सांगितले तेव्हा आबा जवळच निजले होते. निजले होते असे मी म्हणतो.

असो. पत्र लांबले. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीला आणि चांद्याला थाप. कांद्याचे तेवढे विसरू नये. घडीभर वेळ काढून वाचल्याबद्दल आपले उपकार मानणारा,

आपला मेहुणा,
ज्योतीराम

ता. क. कांदे नकोत. कौशल्याबाईंना माहेरून येतात, आणि त्या म्हणतात की आपल्या चाकणकडच्या कांद्यापेक्षा ते बरे असतात. (हे आबांपुढे बोलल्या. मोठा प्रसंग झाला.) आम्हाला हवी आहे ती बैलगाडी. डॉक्टरसाहेबांनी आबांना घरी सोडायचे ठरवले आहे, पुढच्या गुरुवारी, पाडव्याच्या आदल्या दिवशी. पाडव्याला शेतात पहिले औत निघते तेव्हा आबा बांधावर नसले, असे आजवर कधी झालेले नाही. पण 'न्यायला आल्याबिगर मी न्हाई हालनार' असे ते म्हणतात, आणि कोणी न्यायला यावे हे मात्र सांगत नाहीत. अक्का येते म्हणाली तर नको म्हणाले. ट्रकही नको म्हणाले.

आणखी ता. क. म्हणून माझे एक मागणे. आपण स्वतः या. आल्यावर काय बोलावे याची चिंता करू नका, मीही मेहुणा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? फक्त गाडीला चांद्या जुंपून आणा. फाटकात मी त्याला दोघांच्या मधे उभा करीन, आणि तुम्ही दोघेही त्याच्याशी बोला. कौशल्याबाईंनी बैलाला आत घ्यायची परवानगी दिली आहे, खूर धुवायच्या अटीवर.

शेवटचे ता. क. हे पाकीट चिकटवताना आबांनी पकडले. माझ्याकडून सगळे पत्र वाचून घेतले. निम्म्याहून जास्त खोटे आहे म्हणाले आणि पेंढ्यांचे तर साफ खोटे आहे म्हणाले. मग 'लिही' म्हणाले. आपल्याला नाही, चांद्याला लिहायचे आहे. जसे सांगितले तसे लिहितो:

चांद्या, बेस्तरवारी उन्हाच्या आत निघ. नदीच्या उताराला खडी टाकलीया, तितं दमानं ये, तुजा खूर आजून कच्चा आसंल. धन्याला म्हनावं, गाडीत कडबा जादा घाल, माज्या पायासाटी न्हाई, त्याची कंबर दुकती लहानपनापासनं. कारखान्याचं म्या बगितलं खिडकीतनं. मानसं आठला जात्यात. म्हनजे पहाटंचं दूध काढून, तुला पानी दावून बी जाता यील. पाडव्याचं औत तेवडं त्यानंच धरायचं. म्या बांदावर बसंन. आन् हितं आल्यावर त्याच्या तोंडातनं शब्द न्हाई फुटला, तर तू तरी हंबर. म्या समजून घीन.